तिसऱ्या दिवशी बाळाला कोण पाहतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं, पण घरी आल्यावर बाळाकडे बघायला कुणी आलं नाही. ही पत्रं सातपुड्यातल्या धडगावहून आली तशी पिंपरीहूनही आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून, नावं वगळून, त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : देशात जवळजवळ ऐंशी टक्के बाळांची जन्मानंतर दोन दिवसांत तपासणी होते असं वाचलं. मग नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीतून दर पावसाळ्यात बालमृत्यूच्या बातम्या का येतात? आकडा खोटा आहे का?
(एक महाविद्यालयीन वाचक, नाशिक)

उत्तर : आकडा खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो ७९.१ टक्के आहे. पण त्यात काय मोजलंय ते बघा. जन्मानंतर दोन दिवसांच्या आत डॉक्टर, नर्स किंवा दुसऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने बाळाला तपासलं का, एवढंच त्यात येतं. प्रसूती झालेल्या दवाखान्यातच, घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी बाळाला एकदा पाहिलं असेल, तरी ते धरलं जातं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्या आहेत. म्हणजे या ७९ टक्क्यांतला फार मोठा वाटा दवाखान्यातल्या तपासणीचाच असणार. घरी पोचल्यावर तिसऱ्या, सातव्या दिवशी बाळाचं काय झालं, ते या आकड्यात नाही. घरीच जन्मलेल्या बाळांपैकी चोवीस तासांत तपासणीसाठी दवाखान्यात नेलेली बाळं किती? फक्त ४.२ टक्के.

राज्याराज्यांतली दरी इथूनच सुरू होते. दवाखान्यातल्या प्रसूती केरळमध्ये ९९.८ टक्के, महाराष्ट्रात ९४.७ टक्के, नागालँडमध्ये ४५.७ टक्के. जिथे जन्म घरी होतो तिथे पहिली तपासणी आपोआप होत नाही, ती कुणीतरी चालत जाऊन करावी लागते. जन्म-मृत्यूंचं प्रमाण मोजणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीचे २०२० चे आकडेही पाहा. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं केरळात ४, महाराष्ट्रात ११, देशात सरासरी २० आणि मध्य प्रदेशात ३१. देशाच्या ग्रामीण भागात २३, तर शहरांत १२.

महाराष्ट्राचा ११ हा आकडा दिलासा देतो खरा, पण त्यात पुणे शहर आणि नंदुरबारचा डोंगराळ अक्राणी तालुका एकाच टोपलीत आहेत. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात तो ३,००० आणि २०,००० असा सैल केला आहे. तरीही निकष माणसं मोजतो, अंतर मोजत नाही. बारामतीकडे तीन हजार लोक एका गावात भेटतात. सातपुड्यात तेवढ्याच लोकांसाठी नर्सबाईंना कितीतरी पाडे पालथे घालावे लागतात आणि मध्ये नाले असतात. दोन्हीकडे कागदावर पद एकच भरलेलं दिसतं.

राज्याची सरासरी वाचून थांबू नका, तालुक्याचे आकडे मागा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. त्यामुळे या सात दिवसांत कोण पोचलं आणि कोण नाही, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ आठ दिवसांचं झालं. आमच्या गावच्या आशाताई म्हणतात, "तिचं नाव माझ्या यादीत नाही, तिच्या सासरच्या आशाने बघायला हवं." सासर दीडशे किलोमीटरवर आहे. आम्ही काय करावं?
(एक आजी, अकोले तालुका)

उत्तर : आजी, ज्या घरी बाळ आहे त्या गावच्या आशाताईंनीच भेटी द्यायच्या असतात. तसा नियम आहे. मुलगी पुढे सासरी गेली की उरलेल्या भेटी तिकडच्या आशाताई देतात आणि मोबदला दोघींमध्ये विभागला जातो. तुमच्या आशाताईंना हे माहीत नसेल किंवा पैसे अडकतील अशी धास्ती वाटत असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना मुलीचं माता-बाल संरक्षण कार्ड दाखवा आणि बाळाचं नाव या गावच्या नोंदवहीत लिहून घ्यायला सांगा.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. त्यामुळे नोंद एका गावात आणि बाळ दुसऱ्याच गावात, असं सर्रास होतं. दुर्गम पाड्यावरचं बाळ रस्त्याअभावी सुटतं, आणि रस्ता, दवाखाना, फोन सगळं असलेल्या गावातलं बाळ यादीअभावी सुटतं. यावर साधा उपाय आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, त्याच आठवड्यात तिचं कार्ड घेऊन उपकेंद्रात जायचं.

भेटींचे दिवस लक्षात ठेवा. जन्माचा दिवस पहिला धरायचा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी मिळून सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. सिझेरियन होऊन आई पाच-सहा दिवसांनी घरी आली तर सातव्या दिवसापासून पाच. तुमच्या नातवाच्या दोन भेटी हुकल्या आहेत. आता चौदाव्या दिवसाची वाट पाहू नका. आजच वजन करून घ्या आणि जन्मवजनाशी ताडून पाहा.

प्रश्न : मी नव्याने आशा म्हणून लागले आहे. माझ्याकडे पाच पाडे आहेत, पावसात दोन पाड्यांची वाट बंद होते. तिसऱ्या दिवशी पोचणं जमलं नाही तर चौथ्या-पाचव्या दिवशी गेलेलं चालतं का? आणि प्रशिक्षणात दाखवलेलं श्वास मोजणं, वजन घेणं घरात नीट जमत नाही.
(एक आशाताई, अक्राणी तालुका)

उत्तर : ताई, उशिरा गेलात तरी ते न जाण्यापेक्षा कितीतरी बरं. तारीख मात्र खरी लिहा. पाचव्या दिवशी जाऊन वहीत तिसरा दिवस लिहिला, तर तुमच्या पाड्यांना वाट नाही ही गोष्ट वरच्या कार्यालयाला कधी कळणारच नाही.

तिसऱ्या दिवसाचा आग्रह का, तेही सांगतो. याच सुमारास पान्हा उतरत असतो, कावीळ वाढत असते, आणि अंगावर नीट न पिणारं बाळ आता मलूल पडायला लागतं. नेमकं याच वेळी आई घरी निघते, कारण साध्या प्रसूतीनंतर ४८ तास दवाखान्यात राहायचा नियम आहे. दवाखान्याला वाटतं आता आशा बघेल, आशाला वाटतं बाई अजून दवाखान्यातच असेल. मधला एक दिवस कुणाचाच राहत नाही. म्हणून बाई प्रसूतीला निघाली की तिच्यासोबतच्या माणसाचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः फोन करा. पाड्यावर रेंज नसेल तर बाळंतिणींची ने-आण करणाऱ्या १०२ च्या गाडीचा चालक बाळंतिणीला कधी सोडणार हे आरोग्य केंद्रातून विचारून घ्या.

वाट बंद होण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायकांची पाड्यानुसार यादी करा. ज्या आरोग्य केंद्राला माहेरघर (दूरच्या गरोदर बायकांना आधी येऊन राहायची सोय) आहे तिथे दिवस भरायच्या आधीच बाईला नेऊन ठेवता येतं. बाई येत नाही त्याचं कारण बहुधा घरी राहिलेली मोठी मुलं आणि बुडणारी मजुरी हेच असतं. तिला समजावण्याआधी मुलांकडे कोण बघेल ते ठरवा.

आता श्वास. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना मोजायचा, रडत असताना किंवा पीत असताना नाही. झबलं वर करून पोटाकडे बघा. पोट वर येऊन खाली गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं ही चूक बऱ्याच जणींकडून होते. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. थोडा वेळ भरभर चालतो, मग काही सेकंद थांबल्यासारखा होतो. तुमचे पंधरा सेकंद भरभरीतले निघाले तर निरोगी बाळ आजारी ठरतं, थांबलेले निघाले तर आजारी बाळ निरोगी ठरतं. आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तसाच आला तर त्याच दिवशी पाठवायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जात असेल तर आकडा कितीही असो, पाठवायचं.

वजन करताना काट्याला रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. गारठा असेल तर पातळ दुपटंही आधीच झोळीत टाका आणि मग शून्य करा. बाळाचे कपडे काढून, झोळीत ठेवून काटा उचला. आकडा वाचताना काटा डोळ्यांच्या रेषेत हवा. खालून किंवा वरून बघितलं की शंभर-शंभर ग्रॅमचा फरक पडतो. बाळ हात-पाय हलवत असेल तर काटा स्थिरावू द्या. २.५ किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं. २ किलोच्या खालचं असेल तर दवाखान्याला कळवल्याशिवाय घरी ठेवायचं नाही.

ताप बघताना थर्मामीटरचं टोक काखेत खोल, कातडीला चिकटून बसवा आणि दंड अंगाशी धरून बीप वाजेपर्यंत थांबा. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट ठीक. ९५.९ च्या खाली किंवा ९९.५ च्या वर गेलं तर धोका. थर्मामीटर बंद पडला असेल तर हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. पोट उबदार, पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. आईच्या उघड्या छातीशी घ्या, टोपडं घाला, वरून पांघरूण घ्या. पोटही गार लागलं तर असंच छातीशी धरून लगेच दवाखान्यात.

पोचवायला वेळ लागणार असेल तर नर्सबाईंना आधी फोन करा. जंतुसंसर्गाची शंका असलेल्या बाळाला पुढे पाठवण्याआधी जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन देण्याची मुभा केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनी नर्सबाईंना दिली आहे. धडगावहून नंदुरबारला पोचेपर्यंतचे तास बाळाच्या दृष्टीने फार मोलाचे असतात, म्हणून पहिला डोस निघण्याआधी मिळालेला बरा.

प्रश्न : आशाताई काही डॉक्टर नाहीत. त्यांनी घरी येऊन बाळ बघितल्याने खरंच फरक पडतो का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पडतो, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन, ऊब, स्तनपान, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, हे सगळं घरात. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्या कामाच्या आधारावर २०११ पासून देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या.

तिथल्या आरोग्यदूत बायकांना औषधं आणि सततची देखरेख मिळत होती. आज आशाताईंच्या पिशवीतला थर्मामीटर बंद असेल, काटा गंजला असेल आणि सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर मिळायचे २५० रुपयेही महिनोन्‌महिने लटकत असतील, तर तशाच फरकाची अपेक्षा ठेवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : आमचं बाळ खासगी रुग्णालयात झालं. तीस तासांत घरी सोडलं. पंधरा दिवस झाले, कुणी आलं नाही. आमच्या भागात आशा आहेत का तेही माहीत नाही. आम्ही भाड्याने राहतो.
(एक वडील, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : शहरातही आशा आहेत, पण त्यांची नेमणूक मुख्यतः वस्त्यांसाठी असते, १,००० ते २,५०० लोकसंख्येला एक. भाड्याने राहणारं, सारखं घर बदलणारं कुटुंब त्या यादीत सहज येत नाही. खासगी रुग्णालयातला जन्म त्यांना कळवणारंही बहुधा कुणी नसतं. दवाखान्यांच्या गर्दीत राहूनही तुमच्या बाळाची अवस्था दूरच्या पाड्यावरच्या बाळासारखीच झाली आहे, फक्त तुम्हाला वाहन मिळतं. म्हणून तुमच्या बाबतीत भेट उलटी करायची. कुणी येत नसेल तर तुम्ही जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले २४ तास दवाखान्यात राहावं आणि त्यानंतर ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात बाळ-आई दोघांची तपासणी व्हावी. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात हे होतं.

पुढच्या वेळेसाठी, आणि इतर वाचकांसाठी : बाळाने किमान दोन-तीनदा नीट अंगावर प्यायलेलं नर्सने डोळ्यांनी पाहिलं आहे का, लघवी आणि काळी शी झाली आहे का, 'के' जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि चोवीस तासांच्या आतली हिपॅटायटिस-बी लस दिली का, हे विचारल्याशिवाय निघू नका. आणि कागदावर दोन वजनं लिहून घ्या, जन्माचं आणि घरी सोडतानाचं. दुसरं वजन बहुतेक कागदांवर नसतंच, आणि नेमकं तेच पुढे लागतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं, म्हणजे जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, उतरतं. तीन किलोचं बाळ तीनशे ग्रॅमपर्यंत उतरलं तर ते या मर्यादेत बसतं. त्याहून जास्त उतरलं तर दूध पोचत नाहीये असं समजून तपासणी हवी. दोन आठवड्यांत जन्मवजन भरून यायला हवं. तुमचं बाळ पंधरा दिवसांचं आहे, म्हणजे आज वजन केलंत तर लगेच उत्तर मिळेल. पाचव्या दिवसानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल तर दूध पुरतं आहे.

प्रश्न : बाळ पिवळं दिसतं. घरातले म्हणतात, कोवळं उन्ह दाखवलं की जाईल.
(चार-पाच पत्रं, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून)

उत्तर : उन्हाने काविळीवर उपचार होत नाहीत. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याचा प्रकाश ठरावीक प्रकारचा आणि जोराचा असतो. उघड्या अंगाने उन्हात ठेवलेलं बाळ गार पडतं किंवा तापतं, आणि मोलाचा दिवस वाया जातो. उजेडाचा उपयोग बघण्यासाठी करा. दारात, दिवसाच्या उजेडात, कपाळावर, छातीवर, पोटावर, मांडीवर, तळव्यावर बोट दाबून उचला आणि तिथे उमटलेला रंग बघा. कावीळ चेहऱ्याकडून खाली उतरते. जन्मापासून चोवीस तासांच्या आत दिसलेली कोणतीही कावीळ, आणि कधीही तळहात-तळपायापर्यंत पोचलेली कावीळ, म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. सावळ्या बाळात चेहऱ्यावरून फसायला होतं, म्हणून तळवे जरूर बघा.

प्रश्न : आमच्या गावची निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी एका बाईचं बाळंतपण कोपीवरच (तळावरच्या झोपडीत) झालं. तिथे कुणाला बोलवायचं? नवऱ्याने काय करायचं?
(एक मुकादम, बीड जिल्हा)

उत्तर : तुम्ही मुकादम आहात म्हणजे तोडणीच्या टोळीत कुणाला दिवस गेले आहेत हे तुम्हाला सगळ्यांत आधी कळतं. फडावर पोचलात की पहिल्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्राच्या नर्सबाईंना अशा बायकांची नावं आणि तळाची जागा सांगा, आणि कार्ड बरोबर आणायला लावा. कार्ड गावी पेटीत राहिलं तर त्या बाईची सगळी तपासणी नव्याने सुरू होते. उपचारासाठी गावचा पत्ता आड येत नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात प्रसूती, आजारी बाळाचा उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे, मग बाई कोणत्याही जिल्ह्यातली असो.

तरीही कोपीवर झालंच, तर बाळ बाहेर येताच कोरड्या स्वच्छ सुती कापडाने डोक्यापासून पुसायचं. रडलं नाही तर पुसतानाच पाठ चोळायची. ओलं कापड टाकून द्यायचं आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून वरून कोरडं कापड व चादर, डोक्याला टोपडं. यातच १०८ ला फोन. नाळ कापायची घाई नाही. गाडी येणारच असेल तर ती न कापता थांबलं तरी चालतं. कापावीच लागली तर दोन ठिकाणी उकळलेल्या दोऱ्याने घट्ट बांधून मधोमध नव्या, न वापरलेल्या ब्लेडने. कोयता, विळा वापरायचा नाही. बेंबीवर हळद, राख, तेल, शेण, काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजायचं. मध, गुळाचं पाणी, गुटी नको. चिकाचं दूध थोडंसंच असतं आणि बाळाला तेवढंच लागतं. चोवीस तास अंघोळ नाही, आणि बाळ बारीक असेल तर पुढेही काही दिवस नुसतं पुसून घ्यायचं.

बाळ रडलं, प्यायलं, सगळं ठीक वाटलं तरी त्याच दिवशी दोघांना दवाखान्यात न्याच. वजन, 'के' जीवनसत्त्व आणि हिपॅटायटिसची लस यांसाठी हेच चोवीस तास असतात, आणि आईच्या अंगावरून रक्त किती जातंय तेही बघावं लागतं. नंतर टोळी दुसऱ्या फडावर हलली तर निघण्याआधी नर्सबाईंकडून पुढच्या तारखा कार्डावर लिहून घ्या.

प्रश्न : विशेष नवजात कक्षातून १,७०० ग्रॅमचं बाळ घरी आणलं आहे. रुग्णालय ऐंशी किलोमीटरवर. घरी काय सांभाळू?
(एक आई, मोखाडा तालुका)

उत्तर : ताई, अशा बाळाला घरी आल्यापासून चोवीस तासांत आशाताईंनी भेटायचं असतं. त्यांना आजच निरोप धाडा.

तुमच्या हातातलं सगळ्यांत मोठं साधन म्हणजे तुमची छाती. बाळाला लंगोट आणि टोपडं एवढंच ठेवून दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पोटाला पोट लागेल असं ठेवा. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. जुन्या सुती लुगड्याने तुमच्या अंगाशी बांधा, वरून पोलकं किंवा शाल. दिवसाला किमान आठ तास, जमेल तितकं जास्त. तुम्ही जेवताना, अंघोळीच्या वेळी बाळाचे बाबा किंवा आजी छातीशी घेऊ शकतात. शेगडीच्या धगीपेक्षा ही ऊब चांगली, कारण ती कमी-जास्त होत नाही आणि धूर नसतो.

इतकं बारीक बाळ भूक लागली म्हणून रडेलच असं नाही. ते झोपून राहतं आणि घरच्यांना वाटतं शहाणं बाळ आहे. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, तळपायाला गुदगुल्या करून उठवा आणि पाजा. चार घोट ओढून दमत असेल तर दूध हाताने पिळून वाटीत काढा आणि बोंडल्याने किंवा चमच्याने, बाळाला थोडं उभं धरून, ओठाच्या कडेने थेंब थेंब द्या. बाटली नको. वाटी-बोंडलं दर वेळी धुऊन उकळायचं. वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर. आठवडाभरात वजन वाढलंच नाही तर ऐंशी किलोमीटर असले तरी जा. पिणं सोडलं, झटके आले, अंग गार पडलं, हलवल्याशिवाय हालचाल नाही, श्वास ६० किंवा त्याहून जास्त झाला, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करून छातीशी बांधूनच निघा. वाटेतही पाजत राहा. आणि रुग्णालयातून सोडताना दिलेला (डिस्चार्जचा) कागद बरोबर घ्या. तो नसला की दारातच पुन्हा सगळी विचारपूस होते.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या हातात यात काय आहे?
(एक महिला सदस्य, धारणी तालुका)

उत्तर : तुमच्या गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळतो. त्यातून बंद पडलेला थर्मामीटर, वजनकाटा, आशाताईंचा टॉर्च आणि रात्री अपरात्री लागणाऱ्या खासगी जीपचं भाडं भागवता येतं.

समितीच्या बैठकीत 'भेटी झाल्या का' असं विचारलंत तर 'झाल्या' हेच उत्तर येईल. त्याऐवजी गेल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या बाळांची यादी समोर ठेवून प्रत्येकासाठी तीन तारखा मागा : जन्माची, घरी आल्याची, आशाताईंनी पहिल्यांदा वजन केल्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेत दोन दिवसांहून जास्त अंतर असलेली घरं वेगळी काढा. ती बहुतेक वेळा एकाच ढाण्याची (वस्तीची), एकाच ओढ्यापलीकडची किंवा एकाच समाजाची निघतात. मग त्या ढाण्यातलीच एखादी सून किंवा दाई निवडून तिला दोन गोष्टी शिकवून ठेवायला नर्सबाईंना सांगा : पोट आणि पाय हाताने बघणं, आणि पूर्ण मिनिट श्वास मोजणं. आशाताईंना ओढा ओलांडता येत नसेल त्या दिवशी ती निदान फोनवर आकडा सांगू शकेल. रेंज नसेल तर कोणत्या टेकाडावर मिळते ते ढाण्यातल्या पोरांना ठाऊक असतं. ती जागा आणि १०८ व उपकेंद्राचा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून ठेवा.